दसरा ते दिवाळी भंडारदरा: काय आधी, काय नंतर आणि काय अजिबात नाही

गणपती गेले की फोन सुरू होतात. "शनिवार-रविवार भंडारदऱ्याला चाललोय. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, बोटिंग आणि रात्री तंबू. होईल ना?" नाही होणार. त्यातल्या दोन गोष्टी नीट होतील, तिसरी ओढूनताणून होईल आणि उरलेल्यांपैकी एक त्या दिवसांत करूच नये अशी आहे.

घोळ एकाच कारणाने होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लोक पावसाळ्याचा बेत घेऊन येतात, नाहीतर डिसेंबरचा. शेंडीला, म्हणजे भंडारदरा धरणालगतच्या गावाला, शरदाचं आपलं वेगळं वेळापत्रक असतं. सकाळी दहिवर, दुपारी भाजणारं ऊन, चारनंतर गडगडाट, सहाला अंधार. तलाव काठोकाठ, भात कापणीला आलेलं, गवत छातीएवढं. कामांचा क्रम या सगळ्याला धरून लावावा लागतो.

## १. आधी आठवडा ठरवा, मग खोली

सण तिथीने पुढे-मागे होतात, पाऊस तिथी बघून थांबत नाही. म्हणून तारखा धरा.

साधारण १५ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर: फुलांचे दिवस. सोनकी, तेरडा, कवला, ओल्या कातळावर सीतेची आसवं. पाऊस मात्र असतोच, हस्ताचा तर कोसळतो. या दिवसांत रस्त्यावरून आणि गावाजवळून जे दिसेल ते बघा. रतनगडाच्या वाटेवरचे ओढे अजून जोरात असतात.

६ ते २५ ऑक्टोबर: सर्वांत फसवा काळ. नैर्ऋत्य मोसमी पाऊस उत्तर महाराष्ट्रातून साधारण याच सुमारास माघार घेतो, पण चित्रा-स्वातीचा वळवासारखा पाऊस दुपारनंतर विजांसकट येतो. सकाळचं आभाळ इतकं निळं असतं की कुणाचा विश्वास बसत नाही. डोंगर करायचा असेल तर पहाटे निघून दुपारी एकच्या आत खाली.

२६ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर: चालायला सगळ्यांत बरे दिवस. ओढे उतरतात, वाटा मोकळ्या होतात, रात्री थंडी पडू लागते. फुलं जवळपास संपलेली असतात, ती हवी असतील तर आधी यायचं होतं.

दिवाळीच्या पाडव्यापासून पुढचे चार दिवस मी स्वतः टाळतो. त्या दिवसांत घोटीपासून गाड्यांची रांग असते आणि कळसूबाईच्या शिडीखाली माणसांची. नवरात्रात कळसूबाईला यात्रा भरते. देवीसाठी जायचं असेल तर जरूर जा, पण शांत चढाई हवी असेल तर तो आठवडा नको.

> तपासून पाहा: निघण्याच्या तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचा अहिल्यानगर आणि नाशिक या दोन्ही जिल्ह्यांचा इशारा बघा. भंडारदरा अकोले तालुक्यात असला तरी डोंगराच्या पलीकडे नाशिक जिल्हा सुरू होतो. "मेघगर्जनेसह" हा शब्द दिसला की त्या दिवशीचा डोंगर रद्द.

## २. निघण्याआधीचे चार फोन

खोलीचं आरक्षण करताना लोक "लेक व्ह्यू आहे का" एवढंच विचारतात. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिला प्रश्न धरणाचा. भंडारदऱ्याची साठवण क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे आणि रोजचा साठा नगर-नाशिकच्या पानांवर छापून येतो. पण तुम्हाला साठ्यापेक्षा विसर्गाची माहिती जास्त हवी. अंब्रेला फॉल हा डोंगरावरून पडणारा धबधबा नव्हे. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. पाणी सोडलेलं नसेल तर तिथे ओला खडक बघून परत यायचं. शेंडीपासून दहा-अकरा किलोमीटरवरच्या रंधा धबधब्याचंही पावसाळा ओसरल्यावर हेच. ज्यांच्याकडे उतरणार त्यांनाच विचारा, "आज सकाळी पाणी चालू होतं का?" "असतं ना साहेब" हे उत्तर धरू नका. आज सकाळी स्वतः पाहिलेलं सांगा म्हणावं.

दुसरा वन विभागाचा. तलावाच्या वरच्या अंगाचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्यावी लागते. कुठली वाट बंद आहे, रात्रीची चढाई चालते का, तंबू कुठे लावता येतो, हे दरवर्षी आणि कधी कधी दर आठवड्याला बदलतं. गेल्या वर्षीचा व्हिडिओ पुरावा म्हणून दाखवू नका, तिथला वनरक्षक हसतो.

तिसरा फोन वाटाड्याला, चौथा जेवणाला. दोन्ही बहुतेक वेळा एकाच घरी लागतात. ऑक्टोबरअखेर भातकापणी सुरू झाली की घरातली सगळी माणसं शेतावर असतात. ऐनवेळी दारात उभं राहून "दहा जणांचं जेवण" म्हणू नका. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणसांचा आकडा सांगा आणि तो आकडा पाळा.

## ३. सामान: पावसाळ्याची बॅग काढू नका

यादी सगळ्यांकडे असते, म्हणून फक्त ऑक्टोबरच्या खुब्या सांगतो.

पाणी. डोंगरासाठी माणशी तीन लिटर. पावसाळ्यात दीड लिटरवर भागलं होतं, तोच हिशेब लोक धरतात. ऑक्टोबर हीटमध्ये उघड्या कातळावर तो चुकतो. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू किंवा क्षारसंजीवनी हवीच, नुसतं पाणी पीत राहिलात तर पायात गोळे येतात.

पँट. पायभर लांब, गुळगुळीत कापडाची. याचं कारण कुसळं. गवत पिकलं की त्याची टोकदार कुसळं लोकरी मोज्यात आणि सुती पँटीत अशी रुततात की रात्री बसून एकेक उपटावं लागतं. हाफ पँट घालून गेलेल्यांच्या पोटऱ्या संध्याकाळी पाहाव्यात.

बूट. रबरी, खोल नक्षीचे. नवे कोरे घालून येऊ नका.

टॉर्च. माणशी एक, डोक्याला लावायचा. मोबाईलचा उजेड चालणार नाही, शिडीवर दोन्ही हात लागतात.

अत्तर-परफ्यूम घरी ठेवा. पावसाळा संपला की कड्यांवर आग्यामोहोळं बसतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा या तिन्हींनी ती उठतात.

रोख पैसे पुरेसे ठेवा. रतनवाडी-साम्रद या गावांकडे मोबाईलची रेंज भरवशाची नाही, तिथे तुमचं स्कॅन करून पैसे देणं अडकतं आणि समोरची आजी बिचारी "राहू द्या, नंतर द्या" म्हणते. नंतर कोण देतं?

## ४. पोहोचण्याची वेळ

मुंबईहून घोटीपर्यंत नाशिकचा महामार्ग, तिथून आत वळून साधारण पस्तीस किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला किंवा कसाऱ्याला उतरून पुढे एसटी नाहीतर जीप धरावी. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता सोपा पडतो. कोतूळमार्गे जवळ पडतं, पण पावसाने खाल्लेला घाटरस्ता रात्री नको.

दुपारी चारच्या आत शेंडीत पोहोचा. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो, डोंगराआड त्याहून आधी जातो. घोटी किंवा राजूरला इंधन भरून घ्या.

> नेहमीची चूक: शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्री एकला पोहोचणं आणि पहाटे चारला कळसूबाई. तीन तासांच्या झोपेवर गाडी आणि शिडी, दोन्ही धोक्याच्या. शुक्रवारी उशिरा पोहोचणार असाल तर शनिवारी तलाव आणि त्याच्याभोवतीचा फेरा करा, डोंगर रविवारी.

## ५. पहिला टप्पा पाण्याचा

तलाव पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. धरण आणि शेंडी पूर्वेला, रतनगड-घाटघर पश्चिमेला. म्हणजे शेंडीच्या बाजूने मावळतीचा सूर्य समोर येतो. सगळे म्हणून बोटीत बसायला साडेपाचची वेळ धरतात. मी साडेतीन-चारची किंवा सकाळी आठ ते दहाची सांगेन. दुपारनंतर वारा सुटतो, ढग जमतात आणि साडेपाचला गेलेली बोट अंधारात परतते. सूर्यास्त काठावरून बघा, फुकट आहे.

बसण्याआधी:

१. लाइफ जॅकेट स्वतः घाला, सगळी बक्कलं लावा. मग सोबतच्याला दोन्ही खांद्यांवरून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बदलून मागा.

२. मुलांना मुलांच्या मापाचंच. मोठ्यांचं जॅकेट दोरीने आवळून चालत नाही. लहान माप नसेल तर मूल काठावर थांबेल, आणि त्याच्यासोबत एक मोठा माणूस.

३. बोटीत किती माणसं बसतात हे विचारा आणि स्वतः मोजा. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला गेले की काय होतं ते सांगायला नको.

४. बोटीने रतनवाडीच्या बाजूला जायचा बेत असेल तर परतीची वेळ आणि परतीची बोट पक्की करूनच पाय टाका. रस्त्याने रतनवाडी साधारण वीस किलोमीटर आहे, अंधार पडल्यावर तिथून वाहन मिळवणं अवघड.

कयाक मिळत असेल तर ती फक्त सकाळी. आणि काठाला धरून.

> थांबा: पोहायला उतरू नका, गुडघाभर पाण्यातही नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी मागे सरकतं तेव्हा उतरती जमीन दिसते, ऑक्टोबरमध्ये तीच जमीन पाण्याखाली असते. पहिलं पाऊल घोट्याएवढ्या पाण्यात, दुसरं गाळात, तिसऱ्याला तळच नाही. पोहता येणाऱ्यालाही गाळातून पाय सोडवता येत नाही.

## ६. दुसरा टप्पा डोंगराचा: एकच निवडा

कळसूबाई की रतनगड? दोन दिवसांत दोन्ही करणारे आहेत, पण त्यांना विचारायचं असतं की काय पाहिलं.

पहिल्यांदाच येणाऱ्यांनी कळसूबाई करावी. वाट मळलेली, चुकण्याची शक्यता कमी, खाली बारी गाव शेंडीपासून बारा-तेरा किलोमीटरवर. उंची १६४६ मीटर, राज्यात सर्वांत जास्त. चालण्याची सवय असेल आणि वाटाड्या बरोबर असेल तर रतनगड.

### कळसूबाई

पहाटे पाचला बारीतून पाय उचला. जास्तीत जास्त साडेपाच. चढायला तीन-चार तास लागतात, नऊच्या आत माथा गाठला तर ऊन चढायच्या आत उतरणीला लागता येतं.

एकदा आम्ही सकाळी दहाला निघालो होतो. सोबत मावसभाऊ, पुण्याचा, जिमला जाणारा. दुसऱ्या शिडीपाशी त्याची बाटली संपली, तिसरीच्या अलीकडे तो खडकाच्या बोटभर सावलीत बसला आणि म्हणाला, "दादा, मला घाम येत नाहीये." हे वाक्य ऐकलं की चढाई तिथेच संपते. टोपी ओली केली, लिंबू-मीठ घोट घोट पाजलं आणि अर्ध्या तासाने खाली घेऊन आलो. माथा वीस-पंचवीस मिनिटांवर राहिला होता. तो अजून टोमणे मारतो, मारू दे.

शिड्यांवर क्रम पाळा. लोखंडी शिड्यांवर सकाळी दहिवर असतं, पायऱ्या साबण लावल्यासारख्या होतात. एका वेळी एका टप्प्यावर थोडीच माणसं, तोंड शिडीकडे, चढताना आणि उतरतानाही. उतरताना जिन्यासारखं बाहेर तोंड करून येणारेच घसरतात. काठी बॅगेला अडकवा, मोबाईल खिशात.

माथ्याजवळ विहीर आहे, तिच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका. शनिवार-रविवारी वाटेत सरबत-ताकाच्या टपऱ्या लागतात, पण मधल्या वारी त्या असतीलच असं नाही. माथ्यावर माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ बॅगेतच ठेवा.

उतरण. नोव्हेंबरमध्ये खरी घसरण चिखलाने होत नाही, वाळलेल्या गवताने होते. आडवं झालेलं पिवळं गवत पावलाखाली गालिच्यासारखं सरकतं. मळलेली वाट सोडून शॉर्टकट मारू नका, मुरमाच्या घसाऱ्यावर तर नाहीच.

> थांबा: कुठेही गडगडाट ऐकू आला तर शिडीवर पाय ठेवू नका, शिडीच्या कठड्याला हात लावू नका. माथा उघडा आहे, आसरा नाही. शिडीवर पोहोचला नसाल तर तिथूनच उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर किमान अर्धा तास पुन्हा वर जायचा विचार नको.

### रतनगड

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून वाट निघते आणि प्रवरेच्या पात्रालगत जंगलात शिरते. प्रवरा इथेच, रतनगडाच्या अंगाखांद्यावर उगम पावते. वाटेत तिचा प्रवाह बऱ्याचदा ओलांडावा लागतो आणि ऑक्टोबरमधला निर्णय तिथेच घ्यायचा असतो.

पहिला ओढा आला की थांबा, काठी घालून खोली बघा. पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसतोय, तर पुढे. गुडघ्याच्या वर किंवा गढूळ असेल तर परत फिरा, कारण वर गेल्यावर पाऊस आला तर हाच ओढा उतरताना कमरेएवढा होतो. ओलांडताना बूट काढू नका. बॅगेचा कमरेचा पट्टा मात्र सोडून ठेवा, म्हणजे तोल गेला तर बॅग टाकता येते.

जंगलात एका ठिकाणी कात्राबाई खिंडीकडे, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या दिशेने, वाट फुटते. पावसाळ्यानंतर रान माजलेलं असतं आणि फाटा चटकन दिसत नाही. "आपण बरोबर चाललोय" असं पुढे जाणारा म्हणत असतो, मागचे त्याच्यावर विश्वास ठेवतात. वाटाड्याचे पैसे वाचवायची ही जागा नाही.

शिड्या आणि त्यानंतरचा कातळ ओला असेल तर वाटाड्या म्हणेल ते अंतिम. वरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, तिथे वारा जबर असतो. नेढ्यात बसून फोटो काढताना बॅग पाठीला ठेवू नका. त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरायचं असेल तर गाडी आधीच साम्रदला पाठवलेली हवी. ती रतनवाडीलाच उभी असेल तर ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत.

### सांदण: नाही

साम्रदजवळची सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली खोल, अरुंद भेग. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, मध्ये ओढ्याचं पात्र. एकदा आत गेलात की बाजूला चढायला जागा नाही. माथ्यावर कुठेतरी तासभर पाऊस पडला तर ते सगळं पाणी याच भेगेतून येतं, आणि आत असलेल्याला वरचं आभाळ पट्टीएवढंच दिसतं.

सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, ते हिवाळ्यातही कमरेपर्यंत असू शकतात. दिवाळी उलटल्याशिवाय, आठ-दहा दिवस कोरडे गेल्याशिवाय आणि गावातल्या माणसाने स्वतः आत जाऊन आल्याचं सांगितल्याशिवाय मी तिथे जात नाही. ऑक्टोबरमध्ये तोंडाशी उभं राहून बघा, तेवढंच.

## ७. तिसरा टप्पा: तलावाभोवतीचा फेरा

डोंगराच्या दुसऱ्या दिवशी पाय आखडलेले असतात, तेव्हा हा करावा. गाडीने, दुचाकीने किंवा सायकलने. पूर्ण वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा होतो.

दिशा महत्त्वाची. शेंडीतून सकाळी दक्षिणेच्या अंगाने मुतखेल, कोलटेंभेकडून रतनवाडीला जा. अमृतेश्वराचं कोरीव काम आणि शेजारची पुष्करणी सकाळच्या तिरप्या उन्हात नीट दिसते. तिथून साम्रद, मग दुपारी घाटघरचा कोकणकडा आणि परत येताना उत्तरेच्या अंगाने पांजरे, मुरशेत. परतताना तुम्ही पूर्वेकडे येत असता, म्हणजे मावळतीचं ऊन पाठीवर, डोळ्यात नाही. उलट दिशेने फेरा मारणारे संध्याकाळी वळणावर डोळे मिचकावत गाडी चालवतात.

घाटघरहून साडेचारला निघा. कोकणकड्यावर सूर्यास्त बघायचा मोह होतो, पण मग पुढचा सगळा रस्ता अंधारात, आणि रस्त्यावर परतणारी गुरं. कड्याच्या टोकाशी गवताने कडा झाकलेली असते. जिथे गवत संपतं तिथे जमीन संपत नाही, आधीच संपलेली असते. रेलिंगच्या पलीकडे पाऊल नको, रेलिंग नसेल तिथे कडेपासून दोन-तीन माणसांच्या अंतरावर थांबा.

सायकलवाल्यांसाठी: निघताना मागचा ब्रेक, दिवा आणि हवा बघा. पावसाने खड्डे झालेले असतात, ते उतारावर वळणानंतरच भेटतात. कापणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला धान्य वाळत घातलेलं असतं, त्यावरून चाक घालू नका.

आणि एक. बांधाच्या आत पिवळंधमक शेत दिसलं की गाड्या थांबतात, मंडळी आत घुसतात, रील होते. ती सोनकी नव्हे, ती खुरासणी, कुणाच्या तरी घरचं वर्षाचं तेल. सोनकी माळावर, कड्यावर, विस्कटलेली उगवते आणि तिची पाकळी बोटाच्या पेरापेक्षाही बारीक असते. खुरासणी शेतात असते, फूल मोठं, झाड कमरेएवढं. मागच्या खेपेला एका शेतात मधोमध माणूस झोपल्याएवढा चौकोन आडवा झालेला पाहिला. शेतकरी काही बोलला नाही, आडवी झालेली ताटं एकेक करून उभी करत होता. ती उभी राहत नव्हती.

## ८. तंबू

डोंगर आणि फेरा उरकल्यावरच तंबूची रात्र ठेवा. तंबूत पहिल्या रात्री कुणालाच झोप लागत नाही.

पाणी काठोकाठ असल्याने ऑक्टोबरमध्ये काठाची सपाट जागा कमी असते. म्हणून नुकतंच पाणी काढून टाकलेल्या भातखाचरात तंबू ठोकले जातात. वरून जमीन कोरडी दिसते. टाच रुतवून बघा, खड्ड्यात ओल जमली तर ती जागा नको. रात्री पाठीखालून गारवा चढतो आणि पाऊस आला तर खाचर म्हणजे बशीच.

जागा पाहण्याचा माझा क्रम असा. आधी वर बघा: वाळलेली फांदी नाही ना, एकटं उंच झाड नाही ना. मग उताराकडे बघा: पाणी वाहून आल्याची घळ तंबूच्या दिशेने येत नाही ना. मग तलावाकडे: पाण्याच्या रेषेपासून निदान वीस पावलं दूर आणि पुरुषभर उंच. शेवटी खाली: बिळं, वारूळ, भाताच्या पेंढ्यांचा ढीग जवळ नको. कापणीत उंदीर शेतातून निघतात आणि त्यांच्या मागे साप. घोणस आणि फुरसं दोन्ही या भागात आहेत.

तंबूची चेन कायम बंद, दिवसाही. बूट आत ठेवा, घालण्याआधी आपटून घाला. रात्री बाहेर पडताना टॉर्च आधी जमिनीवर, मग पाय. खाऊ उघडा ठेवू नका.

शेकोटी फक्त मालकाने दाखवलेल्या जागी. नोव्हेंबरात गवत पेटायला ठिणगी पुरते आणि वणवा उतारावरून पळत वर चढतो. झोपण्याआधी राखेवर पाणी ओता, हात लावून थंड झाल्याची खात्री करा. स्पीकर नकोच. कोजागिरीच्या रात्री शेजारच्या चार तंबूंमधून चार वेगळी गाणी चालू होती, आटवलेलं दूध हातात घेऊन आम्ही चंद्राऐवजी घड्याळ बघत बसलो होतो.

## ९. बिघडलं तर

साप चावला तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही. माणसाला चालवू नका, चावलेला भाग हलू न देता गाडीत घाला आणि १०८ ला फोन करा. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. साप पकडून आणायचा वेडेपणा करू नका.

आग्यामोहोळ उठलं तर ओरडू नका, हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाकून वाटेने खाली उतरत राहा. कड्याच्या दिशेने पळणारा मधमाश्यांनी मरत नाही, पडून मरतो.

उशीर होतोय असं दुपारी दोनला वाटलं, तर तेव्हाच परत फिरा. शेंडीत किंवा रतनवाडीत ज्यांच्याकडे उतरलात त्यांना कुठली वाट, किती जण आणि कधी परत, एवढं सांगून निघा. वर रेंज नसते, तुम्ही फोन करू शकणार नाही. शोधायला कुठे यायचं हे खाली कुणाला तरी माहीत हवं.

## १०. घरी आल्यावर

पोटऱ्या, कंबर, कानामागे गोचीड आहे का बघा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात आणि भाताच्या खाचरात फिरल्याचं आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. जखमेवर खाचराचं पाणी लागलं असेल तर तेही सांगा.

तंबू स्वतःचा असेल तर सकाळी दहिवरात ओला गुंडाळलेला तो तसाच माळ्यावर टाकू नका. गॅलरीत दोन दिवस पसरून ठेवा, शिवणी उलट्या करून. मोज्यांतली कुसळं वॉशिंग मशिनमध्ये टाकण्याआधी उपटा, नाहीतर ती घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांत जातात आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळत नाही.